सुई कोण हलवतंय?

मी कराडच्या धावपट्टीवरून फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून काम करते, गाव पलूसजवळ. बरीच वर्षं आम्ही छोट्या सेसना १५२ विमानावर शिकवत होतो, त्यात ऑटोपायलट हा प्रकारच नाही, हाताने उडवायचं आणि नकाशा मांडीवर. मग एक सेसना १७२ आलं, त्यात गार्मिनचं ४३० जीपीएस आणि केएपी १४० ऑटोपायलट. पोरं खूष. त्यांचा समज असा की जीपीएसमध्ये गावाचं नाव टाकायचं, ऑटोपायलटचं एनएव्ही (नेव्हिगेशन) बटण दाबायचं, विमान जातंय. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचा हाच समज असतो, आणि कागदावर तो चुकीचा वाटतही नाही.

आमचे चीफ इन्स्ट्रक्टर, आम्ही त्यांना सरच म्हणतो, ते म्हणाले, शिकवायच्या आधी तू स्वतः जीपीएस आणि ऑटोपायलट जोडायला शीक. मग ठरलं, कराड ते कवलापूर, तिथून कोल्हापूर आणि परत. कवलापूर म्हणजे सांगलीजवळची ती जुनी धावपट्टी, वापरात नाही पण वरून ओळखायला सोपी, तीच वेपॉइंट, म्हणजे वाटेतला ठरलेला टप्पा, म्हणून जीपीएसमध्ये टाकली. फ्लाइट प्लॅन दिला, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेतले, कोल्हापूर टॉवरला कळवलं.

उडायच्या आधी जमिनीवर जवळजवळ तासभर गेला आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथंच झालं. मास्टर, मग एव्हिऑनिक्स स्विच ऑन केल्यावर केएपी १४० स्वतःची टेस्ट घेतं, पडद्यावर पीएफटी (प्रीफ्लाइट टेस्ट) आणि आकडे पळतात, सगळे दिवे एकदम पेटतात, शेवटी पीं पीं आवाज. मग सरांनी एपी, म्हणजे ऑटोपायलट चालू करायचं बटण, दाबायला लावलं आणि म्हणाले, आता योक (विमान वळवायचं हँडल) जोरात वळव. वळवलं तर आधी दाटल्यासारखं लागलं, मग आतला क्लच घसरला आणि योक माझ्या हातानं फिरला. म्हणजे मशीनच्या हातात कंट्रोल असला तरी माणसाचा जोर त्याच्यावर चालतो, हे हाताला कळणं महत्त्वाचं. मग योकवरचं लाल बटण दाबून सोडवायचं, हे तर डोळे झाकून जमलं पाहिजे.

सरांनी एक गोष्ट तीनदा सांगितली, एपी चालू असताना पुढं-मागं जोर लावून त्याच्याशी झटापट करायची नाही. हे मशीन उंची धरायला स्वतःच ट्रिम (नाक वर-खाली ठरलेल्या जागी ठेवायचं चाक) फिरवतं, तू योक पुढं दाबलास तर ते उलट्या बाजूला ट्रिम फिरवत राहणार आणि सोडवलं की नाक एकदम उसळणार. पटत नसेल तर आधी लाल बटण, मग हात.

त्यानंतर मुद्द्याची गोष्ट. सरांनी विचारलं, ऑटोपायलटला कोल्हापूर कुठंय ते माहिती आहे का? मी म्हटलं जीपीएसला माहिती आहे. ते म्हणाले, मी ऑटोपायलटचं विचारतोय. त्याला कोल्हापूर माहिती नाही, कराड माहिती नाही. त्याला दोन गोष्टी येतात, एक म्हणजे समोरच्या सीडीआयची, म्हणजे ठरलेल्या रेघेपासून आपण किती बाजूला आहोत ते दाखवणाऱ्या यंत्राची, सुई मधे आहे की बाजूला गेलीय, दुसरं म्हणजे हेडिंग बग, म्हणजे दिशादर्शकावरची हातानं फिरवायची खूण, कुठं लावलाय. आमच्या विमानात एचएसआय (दिशा आणि सुई एकत्र दाखवणारं यंत्र) नाही, साधा डीजी (जायरोवरचा दिशादर्शक) आहे, त्यामुळं कोर्स कुठला हे सांगायला त्याच्याकडं बगशिवाय दुसरं काही नाही. मग म्हणाले, हा बैल तासात नीट चालतो, पण तास कुणी मारलाय ते त्याला ठाऊक नसतं.

४३० वर सीडीआय नावाचं एक छोटं बटण आहे. एकदा दाबलं की खाली जीपीएस असं येतं, परत दाबलं की व्हीएलओसी. जीपीएस असेल तर सुई उपग्रहाच्या हिशोबानं हलते, व्हीएलओसी असेल तर रेडिओवर लावलेल्या व्हीओआर किंवा लोकलायझर या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनांच्या हिशोबानं. नकाशावर जांभळी रेघ दोन्ही वेळेला तशीच दिसते! आम्ही जमिनीवर बटण दाबून बघितलं, व्हीएलओसीवर गेल्याबरोबर सुईशेजारी लाल झेंडी आली कारण स्टेशनच लावलेलं नव्हतं. पण एखादं स्टेशन लावलेलं असतं तर झेंडीही आली नसती आणि मशीन गुपचूप दुसऱ्याच रेघेमागं गेलं असतं. म्हणून सर विचारत राहिले, सुई कोण हलवतंय आत्ता? दिवसभर हाच प्रश्न.

सकाळी थंडीचं हलकं धुकं विरलं आणि निघालो. कारखाने सुरू होते, चिमण्यांचा धूर आडवा पसरलेला. केएपी १४० ला टेकऑफला परवानगी नाही, जमिनीपासून ८०० फुटाच्या वर गेल्यावरच लावायचं. साडेपाच हजार फुटांवर सपाट झालो, ट्रिम केलं, मग एपी. ते आधी आरओएल मोडमध्ये येतं, म्हणजे पंख सरळ ठेवतं एवढंच. मग बग विमानाच्या नाकाच्या दिशेवर आणून हेडिंग मोड. मग जीपीएसवर बघितलं, डायरेक्ट कवलापूर, डीटीके १३० च्या आसपास. डीटीके म्हणजे जमिनीवरची जी रेघ आपल्याला पाहिजे तिची दिशा. एनएव्ही दाबलं की पडद्यावर एचडीजी (हेडिंग) ५ सेकंद लुकलुकतं, ते का लुकलुकतं हे पुस्तकात वाचून लक्षात राहिलं नव्हतं, तिथं बसल्यावर डोक्यात बसलं. ते विचारतंय, कोर्स सांग. त्या ५ सेकंदात बग १३० वर आणायचा. आणला, विमान हलकं झुकलं, सुई मधे आली आणि तिथंच राहिली. पलूस डाव्या हाताला गेलं, उजवीकडं भिलवडीजवळ कृष्णेची वळणं. आणि माझे दोन्ही हात मांडीवर. पहिल्यांदाच आपल्या गावावरून जाताना मी निवांत खाली बघू शकले, नाहीतर नेहमी डोळे आत असतात.

थोडं सुईबद्दल, कारण इथं पोरं गोंधळतात. व्हीओआरवर सुई कोनात मोजते, पूर्ण बाजूला गेली म्हणजे १० अंश, त्यामुळं स्टेशनजवळ ती फार नाजूक होते. जीपीएसवर ती अंतरात मोजते. आमच्या जुन्या ४३० वर प्रवासात पूर्ण सुई म्हणजे ५ नॉटिकल मैल, सव्वानऊ किलोमीटर! विमानतळाच्या ३० मैलात आलं की १ मैल होतो, अ‍ॅप्रोचला (उतरायच्या वाटेवर) ०.३. म्हणून सुई जवळपास मधे दिसली म्हणजे आपण रेघेवरच आहोत असं धरायचं नाही, स्केल कुठली ते बघून मग बोलायचं.

कवलापूर जवळ आलं. पडद्याखाली नेक्स्ट डीटीके २३५ असं झळकायला लागलं. माझा हात बगकडं गेला तर सर म्हणाले, थांब गं, हात लावू नको, नुसतं बघ. मी हात मागं घेतला. जीपीएसनं आपलं काम चोख केलं, वेपॉइंट बदलला, पुढची रेघ कोल्हापूरची. सुई उजवीकडं सरकली. विमानही उजवीकडं झुकलं, मला वाटलं वळतंय की. पण पावणेदोनशेच्या आसपास हेडिंगला येऊन ते सरळ झालं आणि तसंच चालायला लागलं. सुई आणखी उजवीकडं, आणखी, शेवटी कडेला टेकली. समोर मिरज दिसायला लागलं. कोल्हापूर कुठं आणि मिरज कुठं! आणि ऑटोपायलटच्या पडद्यावर एनएव्ही शांतपणे पेटलेलं, ना पीं पीं ना लाल दिवा.

सरांनी विचारलं, सांग आता का ते. मी मोठ्यानं विचार करत बोलत गेले, त्याला कोर्स अजून १३० च माहिती आहे कारण बग तिथंच आहे, सुई उजवीकडं म्हणून ते बगपासून उजवीकडं साधारण ४५ अंश वळलं, त्याच्या हिशोबानं ते रेघ पकडायलाच निघालंय, पण खरी रेघ २३५ ची आहे, त्यामुळं १७५ नं जाताना आपण तिच्यापासून लांबच चाललोय आणि कितीही वेळ थांबलं तरी सुई मधे येणार नाही. सर म्हणाले, बरोबर, आता फिरव. बग २३५ वर नेला. पंख लगेच उजवीकडं झुकले, मिरज डाव्या खिडकीतून मागं गेलं, विमान रेघेकडं वळलं, सुई हळूहळू कडेवरून सुटली आणि सांगली ओलांडल्यावर मधे येऊन बसली. मला ते दृश्य फार आवडलं, कारण आता प्रत्येक हालचालीचं कारण मला माहिती होतं.

पुढं साडेचार हजारावर यायचं होतं, तेव्हा उभ्या वेगाचा मोड दाखवला. उतरताना ठीक, पण चढताना हे मशीन मागितलेला चढायचा वेग धरायला नाक वर वर नेत राहतं आणि थ्रॉटल मात्र आपल्याच हातात, इंजिनाला झेपेना झालं तर एअरस्पीड खाली येतो आणि ते थांबत नाही. ७० नॉटच्या खाली हे वापरायचंच नाही. याच्यावर मी वर्गात वेगळा तास घेणार आहे.

डीजीसुद्धा विसरून चालत नाही. तो जायरोवर चालतो आणि हळूहळू सरकतो, दर १५ मिनिटांनी कंपासला जुळवावा लागतो. बग त्याच्यावरच बसलाय, म्हणजे डीजी १० अंश चुकला तर ऑटोपायलटला सांगितलेला कोर्सही १० अंश चुकीचा.

परत आल्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, मॅडम, बग फिरवायची कटकट कायमची जात नाही का? जाते. जीपीएसएस नावाचा प्रकार असतो, त्यात जीपीएस सुईच्या ऐवजी किती झुकायचं तेच ऑटोपायलटला थेट सांगतं, त्यामुळं वळण वेपॉइंटच्या आधीच गोल सुरू होतं. आमच्या विमानात तो नाही. मला वाटतं शिकायला ते बरंच आहे, इथं दर वळणावर पोराला डीटीके वाचावा लागतो, बग हातानं लावावा लागतो, मोठ्यानं बोलावं लागतं.

मी चेकलिस्टच्या कार्डावर पेनानं क्रम लिहून घेतला, सीडीआय कुठं, डीटीके किती, डीजी जुळवला का, बग कोर्सवर आहे का, मग एनएव्ही, आणि दाबल्यावर पडद्यावर काय उमटलं ते वाचायचं. सरांनी वाचलं, खाली एक ओळ घातली, वेपॉइंटच्या दोन मिनिटं आधी पुढचा कोर्स कागदावर लिहून ठेवणे. उद्या तोच विद्यार्थी माझ्यासोबत याच रूटवर आहे आणि कवलापूरला मी त्याला सांगणार आहे, थांब रे, हात लावू नको.