नुसता रिपोर्ट लिहून भागलं नसतं

सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये पेशंट क्वचितच दिसतो, दिसतं ते त्याचं सॅम्पल. त्या दुपारी फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी आलं, गढूळ, किंचित लालसर. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं: एएमएल (रक्ताचा कॅन्सर), पहिली किमो, प्लेटलेट १४ हजार, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास शून्य, अँटिबायोटिक देऊनही ताप हटत नाही, व्होरिकोनॅझोल हे बुरशीचं औषध सुरू.

म्हणजे वॉर्डाने अ‍ॅस्परजिलस हा बुरशीचा प्रकार धरला होता, आणि अशा रुग्णाच्या फुप्फुसात बहुतेक वेळा तोच घुसतो. मला मात्र दोन गोष्टी खटकल्या. रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे अ‍ॅस्परजिलसची खूण, निगेटिव्ह होतं आणि सीटीच्या रिपोर्टात ‘रिव्हर्स हेलो’ होता, मधे धुरकट आणि भोवती दाट पांढरं कडं.

सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ घेतला, बुरशी चमकवणारं केओएच-कॅल्कोफ्लोर टाकलं आणि स्लाइड फ्लोरोसन्सखाली लावली. सुरुवातीला काहीच नाही. मग काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळसर चमकणारा एक तंतू. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, जागोजागी पडदे असलेले, ४५ अंशांत फाटे फुटलेले. हा चुरगळलेल्या रिबिनीसारखा रुंद, पडदे जवळपास नाहीत, फाटा काटकोनात. म्यूकर, म्हणजे दुसरीच बुरशी!

‘कल्चरची वाट बघू या का?’ ज्युनियरने विचारलं. कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेली बुरशी, एक-दोन दिवसांत येतंही. पण ही बुरशी हवेतूनही प्लेटवर पडते, म्हणून नुसत्या कल्चरवर शंका घेता येते. थेट सॅम्पलमध्ये दिसलेल्या तंतूंवर तितकी घेता येत नाही. (कधी तंतू ढीगभर दिसतात आणि कल्चर काही येत नाही, तेही आहेच.) शिवाय व्होरिकोनॅझोल म्यूकरवर चालतच नाही.

वॉर्डात फोन लावला. रजिस्ट्रारने दोनदा विचारलं, ‘नक्की ना सर?’ त्याचंही बरोबर होतं. म्यूकरवर द्यायचं ते अँफोटेरिसिन, आणि ते लायपोसोमल, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य रूपातलं, असलं तरी किडनीला त्रास देतं, पोटॅशियम पाडतं.

‘नक्की. लेखी रिपोर्टसाठी थांबू नकोस.’

संध्याकाळी पहिला डोस गेला.

कल्चरमध्ये ऱ्हायझोपस हा म्यूकरचाच प्रकार आला, पार प्लेटच्या झाकणाला टेकलेला. न्यूट्रोफिल वर आले तसा ताप उतरला. ही बुरशी रक्तवाहिन्या पोखरते, त्यामुळे सर्जननी पुढे फुप्फुसाचा तो भाग, म्हणजे लोब, काढला, आणि नंतरची किमो बुरशीचं औषध चालू ठेवूनच झाली. लोबचे तुकडे लॅबमध्ये आले तेव्हा टेक्निशियनला आधीच बजावलं, घोटू नका, बारीक कापूनच प्लेटवर लावा. घोटलं की म्यूकरचे तंतू मरतात आणि कल्चर कोरं येतं.