मारुतीच्या देवळातला वर्ग

मी पाचवीत होतो. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी वळवाने छपराचे पत्रे उडवून नेले. सरांनी रातोरात गावात निरोप धाडला, "उद्या शाळा भरणार, बस्कर घेऊन या." पंधरा दिवस आम्ही मारुतीच्या सभामंडपात पाढे म्हटले.

पुढे नोकरीसाठी मी अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटाला आलो. इथे दर सोमवारी दुपारी बाराला टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या वाऱ्याच्या प्रचंड भोवऱ्याचा, इशारा देणारा भोंगा वाजवून बघतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपल्या साखर कारखान्याची पाळी सुटल्यासारखं वाटलं. शेजारी जेवत असलेल्या सहकाऱ्याचा घास मात्र हातातच राहिला. तो ग्रीन्सबर्गचा.

ग्रीन्सबर्ग म्हणजे गव्हाच्या शेतांमधलं, दीड हजारही वस्ती नसलेलं गाव. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला तिथे टॉर्नेडो आला. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट, गरम हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा एकमेकींना भिडल्या की असं वादळ उठतं, हे सरांनी आम्हाला फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. पण या भोवऱ्याची रुंदी होती पावणेतीन किलोमीटर, गावाहून जास्त! वारा ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. जवळपास ९५ टक्के गाव भुईसपाट झालं. ११ माणसं गेली. वीसेक मिनिटं आधी भोंगे वाजले आणि लोक तळघरात उतरले, म्हणून बाकीचे वाचले. सहकाऱ्याच्या आईने मला सांगितलं, "आधी कान दुखायला लागले, मग डोक्यावरचं घरच गेलं. वर बघितलं तर पाऊस थेट अंगावर."

शाळाही गेली. तरीही ऑगस्टमध्ये ती गावातच भरली, ट्रेलरच्या खोल्यांमध्ये. हे ऐकताना मला भरून आलं. शाळा दुसऱ्या गावी गेली असती, तर पोरंबाळं असलेली घरं परत आलीच नसती, असं त्या माउली म्हणाल्या. तरी २०१० च्या जनगणनेत वस्ती ७७७ वर आली होती. त्याच वर्षी शाळेची नवी इमारत उभी राहिली.

गावात १८८७-८८ साली हातांनी खणलेली १०९ फूट खोल विहीर आहे. वरचं सगळं उडालं, विहीर राहिली. मी तिच्यात उतरलो, दगडी बांधकामावर हात ठेवला. त्या गार दगडाने मला थेट सभामंडपाच्या फरशीवर आणून बसवलं. समोर सर, हातात हजेरीचं पुस्तक, आणि माझं नाव पुकारलं जातंय.

"हजर, सर!"