मेट्रोत अस्मा-उल-हुस्ना
आज ऑफिसमधून निघायलाच उशीर झाला न, सीताबर्डीला मेट्रो बदलली तर गर्दी ही एवढी, मग उभ्या उभ्याच बोटांच्या पेरांवर अस्मा-उल-हुस्ना, म्हणजे अल्लाहची सुंदर नावं, म्हणून राहिले होते. ९९ नावं एकदम घोकली की मागचंपुढचं होते, म्हणून मी कुरआनातल्या सूरह हश्र या अध्यायाच्या आयत (वचनं) २२ ते २४ पासूनच धरलं, तिथं अल-मलिक, अल-कुद्दूस, अस-सलाम, अल-मुमिन, अल-मुहैमिन अशी ओळीनंच येतात आणि तिलावत (कुरआनचं पठण) ऐकून कानाला सवय असतेच. अम्मी तर पोळ्या लाटता लाटता सगळी म्हणते, माशाअल्लाह! हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, ही नावं जपणाऱ्याला जन्नतचा वादा आहे, पण खरं सांगू, दिवसभर डोक्यात टार्गेट आणि मेल घुमत असतात न, त्यात एकदा मनापासून 'या सलाम' (हे शांती देणाऱ्या) म्हटलं की छाती मोकळी होते. उद्या अल-खालिक, अल-बारी, अल-मुसव्विर पक्कं करायचंय. कोणी सोबत पाठ करता का?