नारळाएवढी गाठ आणि खांदेदुखी

पोट सुटलंय म्हणून मी चार महिने नेमाने तळजाईला चालायला जात होते. वजन तेवढंच, पोट मात्र पुढे. शेवटी सोनोग्राफी केली, तर डाव्या ओव्हरीवर १४ सेंटिमीटरची गाठ.

सासूबाई म्हणाल्या, "नारळाएवढी म्हणजे पोट फाडावंच लागणार." मलाही तसंच वाटत होतं. त्यात ओव्हरीच्या कॅन्सरची शंका असली की रक्तात तपासतात ते सीए-१२५ आलं ४८; ३५ च्या आत हवं. दोन रात्री डोळा लागला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळीतही हा आकडा चढतो, एकट्या त्याच्यावर काही ठरत नाही. एमआरआयमध्ये गाठीत चरबी दिसली आणि डर्मॉइडचं, म्हणजे आत चरबी, केस असं काहीबाही साठलेल्या गाठीचं, नाव पुढे आलं. ऑपरेशन दुर्बिणीतूनच करू म्हणाल्या.

"पण एवढी गाठ बाहेर येणार कुठून?" गाठ सोडवून पोटातच एका पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड बेंबीतून वर ओढतात आणि आतलं पाणी तिथेच शोषून घेतात. डर्मॉइडमधला तेलकट द्रव पोटात सांडला तर आतून दाह होतो, म्हणून हा खटाटोप.

ऑपरेशन झालं, बारीक तीन छेद. नवऱ्याला गाठीचा फोटो दाखवला, आत केसांचा गुंता. त्या रात्री तो जेवला नाही.

मला पोटापेक्षा उजवा खांदा ठणकत होता. हार्टचं काही झालं की काय म्हणून घाबरून बेल दाबली. सिस्टर हसल्या. "गॅस आहे ताई. उठा, जरा चाला." पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला गॅस वर छातीच्या पडद्याला टोचतो आणि दुखतो मात्र खांदा, कारण दोघांच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. चार पानी संमतीपत्रावर सह्या घेतल्या, पण हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस पोटातल्या टाक्यांपेक्षा खांद्यानेच जास्त छळलं.

डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला, कॅशलेसची मंजुरी आली साडेपाचला. तोवर सासूबाईंनी आणलेला मऊ भात दोनदा गार झाला.

आठ दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट घेतला आणि रिक्षातच उघडला. "मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा." शेवटच्या शब्दाने पोटात गोळा आला. डॉक्टरबाईंना फोन लावला. "अहो, डर्मॉइडचंच मोठं नाव ते. साधी गाठ. ओव्हरीही वाचलीय तुमची."