झोंबतं ते स्मार्ट

स्थळांच्या यादीत जिथे ‘गोरी’ लिहिता येत नाही तिथे ‘स्मार्ट’ लिहितात, हे ज्ञान मला सदाशिव पेठेतल्या मावशीकडून मिळालं. ‘सावळी, पण स्मार्ट’ ही त्या व्यवहारातली जुनी जोडगोळी. त्यातला ‘पण’ किती कामाचा असतो ते कळायला लग्नं जुळवण्यात मुरावं लागतं, आणि मावशी बिनपगारी का होईना, चांगलीच मुरलेली आहे. मुलगा मात्र नुसताच स्मार्ट असतो. म्हणजे उंचापुरा, भांग नीट पाडलेला आणि फोटोपुरतं पोट आत घेतलेला. डोक्याचा इथे काही संबंध नाही. त्याच्यासाठी पुढे पगाराचा रकाना आहे.

मावशीच्या नातवाच्या तोंडी हाच शब्द आला की घोटाळा होतो. त्याच्या लेखी स्मार्ट म्हणजे डोकेबाज. कॉलेजातल्या कुणा मित्राबद्दल तो “आजी, जाम स्मार्ट आहे गं” म्हणाला, तर मावशी म्हणते, “तो? शर्टाची कॉलर तरी कधी सरळ असते का रे त्याची?” दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इंग्लंडात स्मार्ट म्हटलं की आधी कपडे नि टापटीप आठवते, अमेरिकेत बुद्धी. मावशी विलायती, नातू अमेरिकन, आणि दोघांचं भांडण पेठेत.

शब्दाचं मूळ पाहिलं तर दोघांनाही धक्का बसेल. जुन्या इंग्रजीत, हजारेक वर्षांपूर्वी, याचा अर्थ होता दुखणारा, चुरचुरणारा. जर्मन भाषेत वेदनेला ‘श्मेर्त्स’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. आजही डोळ्यात साबण गेला की इंग्रज माणूस हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतो. मराठीत याला नेमका शब्द आहे, झोंबणं. हिरव्या मिरच्या चिरून तोच हात चुकून डोळ्याला लागला की जे काही होतं, ते अस्सल, मूळचं स्मार्ट.

तिथून हा शब्द वधूवरांच्या यादीपर्यंत पोचला कसा? आधी झोंबणारा फटका, मग झोंबणारं बोलणं. फटका झोंबायला तो चपळाईनं बसावा लागतो, म्हणून चपळ. बोलणं झोंबायला डोकं लागतं, म्हणून सतराव्या शतकात चतुर. अठराव्या शतकात त्याच्या अंगावर नीटनेटके कपडे चढले, आणि एकोणिसावं संपेपर्यंत तो पार उच्चभ्रूंच्या मेजवान्यांना जाऊन बसला. मिरचीनं सूट घालावा तसं झालं.

आपल्याकडे झोंबणारं बोलणं आणि हुशारी यांची फारकत अजून झालेली नाही, निदान पुण्यात तरी नाही. समोरच्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नाहीत तर बोलणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे ‘हुशार’ हा शब्द स्वतः अगदी निरुपद्रवी आहे. फारसीतून आलेला, ‘होश’ म्हणजे शुद्ध, ती ज्याला आहे तो हुशार. तापातून उठलेला माणूस “पेज प्यायल्यावर जरा हुशारी वाटली” म्हणतो, त्यात हा अर्थ अजून धडधाकट आहे. मला तर परीक्षेतल्या हुशारीपेक्षा ही पेजेची हुशारी जास्त आवडते.

इंग्रजी शब्दाला मात्र पुढे यंत्रांनी पळवलं. व्हिएतनामच्या युद्धात लेझरनं नेम साधणाऱ्या बॉम्बला स्मार्ट म्हणू लागले, म्हणजे शब्द पुन्हा वेदनेकडेच गेला म्हणायचा. मग कार्ड, फोन, टीव्ही, विजेचा मीटर. मधेच १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी या शब्दाच्या पाच अक्षरांत कामाची उद्दिष्टं कशी लिहावीत याचा मंत्र बसवला, आणि त्यामुळे हिंजवडीतली कितीतरी माणसं दरवर्षी अप्रेझलच्या दिवसांत कोमेजलेली दिसतात.

आणि मग शहरच स्मार्ट व्हायचं ठरलं. केंद्राची ‘स्मार्ट सिटी मिशन’ ही योजना २०१५ सालची. जानेवारी २०१६मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी लागली, तीत भुवनेश्वर पहिलं आणि पुणे दुसरं. दुसरं! पहिल्या नंबरानं निवड झाल्याचा जितका आनंद झाला नसता, तितकं पुण्यात कित्येकांना दुसऱ्या नंबराचं आश्चर्य वाटलं. कामासाठी निवडला औंध-बाणेर-बालेवाडीचा पट्टा. त्यावर पेठेतली प्रतिक्रिया ठरलेली होती, “तिकडे गरज आहे, आम्हाला काय करायचंय.” औंधात रुंद पदपथ झाले, बसायला बाकडी आली, हे मान्य करायला हवं. त्या पदपथावरून दुचाकी नेणाऱ्याला आजोबांनी हटकलं तर तो त्यांनाच हॉर्न देतो, हेही आहे. मिशनची मुदत मार्च २०२५मध्ये संपली. आता शहराला काय म्हणायचं ते ठरलेलं दिसत नाही.

रस्त्यावरच्या मराठीनं या शब्दाची वेगळीच सोय लावली आहे. चौकात सिग्नल तोडून वर हुज्जत घालणाऱ्याला हवालदार म्हणतो, “जास्त स्मार्ट बनू नकोस.” ऑफिसात कुणाची कागाळी करायची तर “थोडा ओव्हरस्मार्ट आहे.” शब्दाचा जुना तिखटपणा इथे बरोबर परत आला आहे, फक्त झोंबायची बाजू बदलली. तरी ‘ओव्हरस्मार्ट’ला आपल्या ‘दीडशहाण्या’ची सर नाही. दीडशहाणा मोजून दीड असतो. सव्वाशहाणा किंवा पावणेदोनशहाणा मी अजून ऐकलेला नाही. ओव्हरस्मार्ट नेमका किती ओव्हर, हे विचारायची सोयच नाही. विचारणारा पुन्हा ओव्हरस्मार्ट ठरतो.