बंद केलेली विंडो डेटाबेसमध्ये लिहीत होती

तक्रार अशी होती की ग्राहकाचा पत्ता दुरुस्त केला तरी काही वेळाने तो परत जुनाच दिसतो, आणि हे दिवस कलल्यावरच होतं, सकाळी अ‍ॅप नुकतं उघडलेलं असताना कधीच नाही. लॉग बघितला तर जुना पत्ता लिहिणारा युजर भलताच निघाला आणि तो म्हणतोय मी ते रेकॉर्ड नुसतं उघडून बघितलं, कधीच बंद केलं. तो खरं बोलत होता.

अ‍ॅप सी शार्प भाषेतलं आणि विनफॉर्म्समधलं (विंडोजवर विंडो, बटणं बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी), बरंच जुनं. मेन विंडोत ग्राहकांची यादी, डबल क्लिक केलं की चाइल्ड विंडो उघडते, आणि ती शोडायलॉगने (जी बंद केल्याशिवाय मागच्या विंडोत काहीच करता येत नाही) नाही तर शोने उघडते म्हणून एकाच वेळी अनेक उघड्या ठेवता येतात. सेव्हचं बटण मात्र मेन विंडोच्या टूलबारवर. ते दाबलं की मेन विंडो एक इव्हेंट उडवते, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना हाक देते, आणि प्रत्येक चाइल्डने कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे तयार होतानाच, प्लस इक्वल करून आपला हँडलर (हाक आली की चालणारं फंक्शन) तिथे जोडलेला. तो काढणारी मायनस इक्वलची ओळ कुठेच नाही.

इथेच सगळी गोम आहे. इव्हेंटला हँडलर जोडला की ज्याचा इव्हेंट आहे तो ऐकणाऱ्याला धरून ठेवतो, उलट नाही. मेन विंडो दिवसभर जिवंत, म्हणून बंद केलेल्या सगळ्या चाइल्ड विंडोही मेमरीत जिवंत, गार्बेज कलेक्टर (कुणीच न धरलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) त्यांना हात लावू शकत नाही. क्लोज केल्यावर फॉर्म, म्हणजे ती विंडो, डिस्पोज होतो, स्क्रीनवरून जातो आणि घेतलेली साधनं सोडतो हे खरं, पण डिस्पोज म्हणजे ऑब्जेक्ट गेला असं नाही! हँडलर कुठल्याच कंट्रोलला हात न लावता उघडताना वाचलेलं रेकॉर्ड सरळ डेटाबेसमध्ये लिहायचा, त्यामुळे एररसुद्धा आली नाही. हँडलरमध्ये ब्रेकपॉइंट (कोड तिथे थांबवणारी खूण) लावून सेव्ह दाबलं तेव्हा हँडलर एकामागून एक थांबत गेला आणि बहुतेक वेळा इजडिस्पोज्ड ट्रू, म्हणजे विंडो आधीच बंद झालेली. ते बघून अंगावर काटा आला, कारण किती पत्ते असे गुपचूप मागे गेले असतील.

क्यूटीमधून (विंडो बनवायची सी प्लस प्लसची लायब्ररी) आलेल्या माणसाला हे पटकन सुचत नाही, कारण तिथे ऐकणारा क्यूऑब्जेक्ट नष्ट झाला की त्याच्या स्लॉटला, म्हणजे तिथल्या हँडलरला, जोडलेलं कनेक्शन आपोआप तुटतं.

नुसती मायनस इक्वलची ओळ फॉर्मक्लोज्डमध्ये (विंडो बंद झाली की चालणारा कोड) टाकून भागलं असतं, पण मला ते पटलं नाही, पुढच्या नव्या विंडोत कुणीतरी ती विसरणारच. म्हणून दिशाच उलटी केली. चाइल्ड उघडताना शोला मेन विंडो ओनर म्हणून दिली, सेव्ह दाबलं की मेन विंडो ओन्डफॉर्म्समधून, म्हणजे ती ज्यांची ओनर आहे त्या विंडोंच्या यादीतून, फक्त उघड्या असलेल्यांना सेव्ह करायला सांगते, बंद झालेली त्या यादीत उरतच नाही. आणि चाइल्डला काही कळवायचं असेल तर इव्हेंट तिचा स्वतःचा, ऐकणारी मेन विंडो, म्हणजे धरून ठेवणारी चाइल्डच आणि ती गेली की दोरी तिच्याबरोबर जाते. ओनर दिल्यामुळे चाइल्ड कायम मेन विंडोच्या वर राहते आणि तिच्याबरोबरच मिनिमाइझ होते, हे युजरना आधीच सांगून ठेवलं.

मग पूर्ण प्रोजेक्टमध्ये असे बाकीचे इव्हेंट शोधले, त्यातले स्टॅटिक इव्हेंट (एखाद्या ऑब्जेक्टचे नाही तर क्लासचेच असलेले) आधी हातात घेतले, कारण हँडलर काढला नाही तर ते प्रोसेस संपेपर्यंत कुणालाच सोडत नाहीत.