गावदेवीच्या डोंगरावर, डायनासोरांचा माग काढताना

अंधेरी पश्चिमेला स्टेशनबाहेर रिक्षा पकडली आणि गावदेवीचा डोंगर सांगितला. दाटीवाटीच्या वस्तीतून, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या मागून तो एकदम समोर आला. सरळसोट काळा कातळ, सुमारे ६१ मीटर उंच. हाच गिल्बर्ट हिल. दगडखाणींत त्याचा बराच भाग गेला, उरला तो आता वारसा यादीत आहे.

पायऱ्या चढण्याआधी कातळाजवळ जाऊन उभी राहिले. एकमेकांना चिकटलेले उभे, कोनदार दगडी खांब खालून वरपर्यंत गेलेले. तळ्यातला गाळ वाळताना तडकतो ना, तसा लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या खोल उतरत गेल्या की असे खांब तयार होतात.

पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत, आणि चांगल्याच उभ्या. माझा भाचा सहावीत आहे. त्याने अर्ध्या वाटेतच विचारलं, "मावशी, ह्याच लाव्ह्याने डायनासोर मेले ना?"

वर देवीचं दर्शन घेतलं, सावली गाठली आणि मग त्याला सगळं सांगितलं. हा कातळ ज्याचा भाग आहे, तो दख्खनचा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिम घाटात त्याचे थर मिळून दोन किलोमीटरहून जास्त जाड भरतात. एवढ्या उद्रेकांतून निघालेल्या गंधकाच्या वायूंनी हवा गार केली असेल, कार्बन डायऑक्साइडने पुढे तापवली असेल. गेर्टा केलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ डायनासोरांच्या अंताचा मुख्य दोष या ज्वालामुखींनाच देतात.

दुसरी बाजू लघुग्रहाची. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओजवळच्या, डायनासोर संपले त्या काळातल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम भरपूर सापडल्याचं मांडलं. पृथ्वीच्या कवचात हा धातू अगदी कमी, अशनींमध्ये, म्हणजे अवकाशातून पडणाऱ्या दगडांत, मात्र जास्त. म्हणजे मोठा लघुग्रह पृथ्वीवर आदळला आणि त्या आघाताने डायनासोर संपले, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर या आघाताशी जोडलं गेलं. व्यास सुमारे १८० किलोमीटर, वय ६.६ कोटी वर्षं. २०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन याच आघाताच्या बाजूने कौल दिला.

वाद तरीही मिटला नाही, आणि मला त्यातलं २०१९ सालचं प्रकरण फार आवडतं. दोन गटांनी दख्खनच्याच थरांचं वय वेगवेगळ्या पद्धतींनी काढलं. एकाच्या मते आघाताच्या थोडं आधी मोठा उद्रेक झाला. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतर वाहिला. म्हणजे आपल्या घाटांतल्या दगडाचं वय किती बारकाईने काढता येतं, यावर जगभरच्या वादाचा निकाल अडला आहे!

पण आम्ही बसलो होतो त्या कातळावर आरोप ठेवताच येत नाही. अनेक ठिकाणी त्याचं वय ६.६ कोटी वर्षं असं लिहिलेलं आढळतं. मात्र भूशास्त्रज्ञ हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून, काढलेलं वय सुमारे ६.०५ कोटी वर्षं आहे, बारा लाख इकडेतिकडे. हा लाव्हा निघाला तेव्हा डायनासोर जाऊन लाखो वर्षं लोटली होती.

भाचा हिरमुसला. मग त्याला वरळीचे बेडूक सांगितले. तिथे लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मुंबईतले हे गाळाचे थर डायनासोरांनंतरचे मानले जातात. म्हणजे बेडकांचा वंश त्या संकटातून तरला होता.

माझा कल लघुग्रहाकडे झुकतो, तो यामुळेच. धुळीने आणि काजळीने सूर्यप्रकाश अडला की झाडं मरतात, मग त्यांवर जगणारे आणि त्यांना खाणारे. गोड्या पाण्यातले बरेच जीव मात्र कुजक्या पाल्यापाचोळ्यावर चालणाऱ्या साखळीत असतात. त्यांना तेवढा अंधार काढता येतो.